खुर्चीच्या पाठीवरची चार अक्षरं

अजी, तेरवी झाली. शेजाऱ्यांचे गंज-पातेली घासून ज्याचे त्याला गेले, सतरंज्या मंडळाच्या हॉलला गेल्या, पाहुणे गोंदियाच्या गाडीत बसले. तुमची सागवानी खुर्ची तेवढी कालपर्यंत व्हरांड्यात तशीच होती. आणि तिच्या पाठीवर माझ्या हातची, खडूची, चार इंग्रजी अक्षरं. सिक. शेवटचं अक्षर मी उलटं काढलंय हे मला कालच कळलं. चार महिने तुम्ही ते पाहिलं आणि एकदाही टोकलं नाही, म्हणजे तुम्ही खरंच आजारी होते.

काल सुनील ओलं फडकं घेऊन आला.

‘आई, लोक बसायले येऊन राहिले. असं बरं दिसते का?’

‘हात नको लावू! ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं.’

‘मंग तू पूस.’

‘फिट झाल्याबिगर कशी पुसू?’

पोरगा फडकं हातात धरून उभाच राहिला. आपली आई आता गेली कामातून, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण चूक माझी नाही. नियम तुमचा आहे आणि दोन्ही बाजूंनी कापतो. लिहिलं मी, म्हणून पुसायची मी. पण फिट झाल्यावरच पुसायचं, आणि फिट व्हायचा तो तर निघून गेला. असल्या वॅगनचं तुमच्या रेल्वे यार्डात काय करायचे, हे मी एवढ्या वर्षांत विचारलं नाही. बाकी नको त्या सगळ्या गोष्टी विचारल्या.

मंडळवाल्यांनी स्मरणिकेसाठी तुमची जन्मतारीख, नोकरी, बढती, सगळं मागितलं. सुनीलनं दिलं. त्यात ही खुर्ची कुठेच नाही, म्हणून हे वेगळं लिहून राहिले.

तुमचा आणि माझा संसार या एका शब्दापासूनच सुरू झाला. आठवते का? मी आमगावहून आले तेव्हा आठवी पास होते आणि स्वतःला मडम समजत होते. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात एका पोराचं चित्र होतं, अंथरुणात पडलेलं, डोक्यावर पट्टी. खाली लिहिलेलं होतं, तो सिक आहे. एवढ्या भांडवलावर मी रेल्वे क्वार्टरात उतरले. तिसऱ्या दिवशी तुम्ही हातपाय धुताना म्हणाले, ‘आज सात सिक निघाले.’

सात माणसं! ‘कोन कोन?’ मी विचारलं.

‘सारे कोळशावाले,’ तुम्ही म्हणाले आणि जेवायला बसले. सात माणसं आजारी आणि हा मनुष्य दुसऱ्यांदा भात मागून राहिला! मला वाटलं, कुठल्या कसायाच्या घरी दिलं बापानं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्युटीवर गेले आणि मी सर्वांत मोठा गंज चुलीवर चढवला. अद्रक, तुळस, मिरे, गूळ. काढा करून गंजाला फडकं बांधलं, डोक्यावर पदर ओढला आणि पिशवीत सात गिलास घेऊन यार्डाच्या ऑफिसात गेले. तुमचे कान कसे लाल झाले होते! तुमचा खलाशी गोपाल मला रुळांवरून पार पलीकडे घेऊन गेला. तिथे एका बाजूच्या लाईनवर कोळशाच्या सात वॅगनी उभ्या, प्रत्येकीच्या अंगावर खडूनं तीच चार अक्षरं. गोपाल त्याच्या बोलीत म्हणाला, ‘भउजी, बीमार तो एही मन आंय, फेर पीहीं कइसे?’ वहिनी, आजारी तर ह्याच आहेत, पण पितील कशा?

काढा शेवटी तुमच्या गँगनं प्यायला. वर्षभर यार्डात तुमचं नाव काढासाहेब होतं. आणि मी? मी घरी येऊन दार लावून रडले. आजारी माणसाला काढा दिला तर हसतात, आणि लोखंडाला आजारी म्हणतात ते शहाणे! आता त्या पोरीला भेटले तर म्हणेन, अवं बाई, रडू नको, तुझ्या काढ्यात मिरे जास्त पडले होते एवढंच.

पण त्या दिवशी मला तुमचं टीएक्सारचं, म्हणजे गाड्या तपासायचं, काम दिसलं. गाडी यार्डात शिरताना तुम्ही रुळाशी उकिडवे बसून चाकांचा आवाज ऐकायचे. गाडी थांबली की प्रत्येक चाकाजवळच्या पेटीला हाताची मागची बाजू लावून पाहायचे, तापली का. ‘तळहात कावून नाही लावत?’ मी विचारलं होतं. ‘तळहात काम करून करून बहिरा होते. मागचा हात खरं बोलते.’ जिथे खोट सापडली तिथे खडू. एकदा खडू लागला की त्या वॅगनला कोणीही गाडीत जोडू शकत नव्हतं. दुरुस्ती झाली, पुन्हा पाहिलं, की ज्याची खूण त्यानंच पुसायची. हा सरकारी कायदा होता की तुमच्या साहेबाची शिस्त, मला माहीत नाही. आपल्या घरात मात्र तो कायदाच झाला.

कारण तुमच्या खिशातला खडू घरीही गप्प बसायचा नाही. गळकी बादली, सिक. टेबलफॅन, सिक. दांडा हलणारा तवा, सिक. माझ्या वन्सं राहायला आल्या आणि त्यांच्या पेटीवर तुम्ही लिहिलं, कडी तुटली होती म्हणून. तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मी नवी नवी, स्वच्छतेची पिसाळलेली. दिवाळीआधी सगळं घर घासलं आणि स्टुलाच्या पायावरची खडूची रेघही घासून टाकली. घर कसं चकचकीत! मग त्याच स्टुलावर चढून माळ्यावरचा पापडाचा डबा काढायला गेले. डबा आधी आला, मी मागाहून.

मनगट सुजलं. तुम्ही आले, खाली बसले, आणि हाताची मागची बाजू माझ्या मनगटाला लावली. चाकाजवळच्या पेटीला लावायचे तशीच. मी वाट पाहत होते की आता ओरडतील. तुम्ही हळूच म्हणाले, ‘खूण पुसली म्हणून खोट जाते का वं?’

एवढंच. चाळीस वर्षं झाली, मी तुमची एकही खूण पुसली नाही. ओरडले असते तर कधीच विसरले असते.

मग पिहू आली. आपली नात मराठी बोलते ती फक्त माझ्याशी, तेही भात पाहिजे असेल तेव्हा. ती नववीत होती तेव्हाचं. तुम्ही तिची सायकल पुरती उघडून नवे छर्रे टाकले, हँडलला दिवा बसवला. पोरगी सेक्टर दोनपर्यंत मैत्रिणीकडे चक्कर मारून आली आणि फाटकातूनच ओरडली, ‘आबा! ये तो सिक है!’

तुमचा चेहरा! हातातला पाना खाली ठेवला, सायकल उलटी केली आणि अर्धा तास चाकाला कान लावून बसले. ‘कुठं आवाज करते? ब्रेक लावल्यावर का उतारावर?’

‘अरे आबा, सिक मतलब मस्त! एकदम जबरदस्त!’

‘कोन सांगतलं तुले?’

‘सब बोलते हैं यार.’

‘सब बोलते म्हणून वॅगन फिट होते का?’

त्या दिवसापासून तुम्ही दोघं या शब्दाच्या मागे लागले. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून तुम्ही पाण्याच्या फिल्टरजवळ लावलं आणि जो अर्थ सापडेल तो त्यावर लिहायला लागले. जुन्या डिक्शनरीत मळमळण्याचाही अर्थ निघाला, तो पाहून तुम्हाला फार आनंद झाला. रेल्वेतला सिक मारणे तुम्ही स्वतः लिहिला: घरी लग्न असलं की आदल्या दिवशी माणसाला येतो तो ताप. पिहूनं होमसिक आणला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘आजी को आमगाव का होता है.’ मी म्हटलं, मला आमगावचा होत नाही, मला त्या जुन्या क्वार्टरमागच्या कडुलिंबाचा होतो. तेही लिहिलं तुम्ही, जसंच्या तसं.

पण तिचा तो मस्तवाला अर्थ लिहायला तुमचा हात उठेना. ‘चांगलं म्हणायले वाईट शब्द कायले लागते?’

तेव्हा मी स्वयंपाकघरातून बोलले होते, आठवा. ‘परवा वांग्याची भाजी खाऊन कोन म्हणे, खतरनाक झाली? भाजीत काय साप होता?’

पिहू हसून हसून खाली बसली. तुम्ही गपचूप तो अर्थ लिहून टाकला. त्या वादात मी जिंकले. लग्नानंतरचा तो माझा बहुतेक तिसरा विजय.

हथखोजच्या कारखान्यांकडून आलेला अर्थ मात्र तुम्ही हसत नाही लिहिला. ज्या कारखान्यात सुनील वेल्डिंगचं काम पाहत होता, त्याच्या मालकानं सांगितलं की युनिट सिक झालं. तुम्ही जेवता जेवता विचारलं, ‘कोन्या भागात खोट हाये?’

‘बाबा, तसं नसते. कागदावर सिक असते.’

‘अन् फिट कोन करते?’

‘कोनी नाही. बंद होते.’

तुम्ही घास खाली ठेवला. ‘खूण करून निघून जायचं? दुरुस्ती नाही? असं तर आमी भंगार डब्यालेही केलं नाही.’ सुनीलला पुढे दुसरीकडे काम लागलं, पण तुम्ही त्या मालकाला माफ केलं नाही. कॅलेंडरवर त्या अर्थाखाली दोन रेघा ओढल्या आहेत, इतक्या जोरात की कागद फाटला.

आता सहा-सात महिन्यांपूर्वीचं. इथून पुढे मला हसायला जमत नाही, पण करून पाहते.

तुम्ही भाजी घेऊन आले की फाटकाशी थांबायला लागले. आधी मला वाटलं शेजाऱ्यांशी बोलतात. मग पाहिलं तर तिथे कोणीच नसायचं. फाटकाला हात लावून उभे, तोंड उघडं, जसं कोणाचं नाव आठवत नाही. मी डॉक्टरचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचे, ‘उन्हानं होते.’ पुढच्या महिन्यात, ‘थंडीनं होते.’ सुनील म्हणाला, मी नेतो. तुम्ही म्हणाले, ‘तुले सुट्टी लागली का?’

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मला भीती वाटते. तीन शब्द. पण आपल्या घरात ते वाक्य कधी कोणी बोललं नव्हतं, ते कुठून सुरू करतात तेच मला माहीत नव्हतं. म्हणून तुम्ही आंघोळीला गेले असताना खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून खडू काढला आणि तुमच्या खुर्चीच्या पाठीवर लिहिलं. तुमच्या भाषेत लिहिलं, म्हणजे तुम्हाला समजेल.

तुम्ही आले. कमरेवर हात ठेवून वाचलं. ‘हे कोनं केलं?’

‘तपासणाऱ्यानं.’

‘बरं.’ तुम्ही पेटीतून पेचकस काढला, खुर्ची उलटी केली. ‘कुठी खोट हाये ते पाहतो.’

‘खुर्चीत नाही!’

‘मंग खुर्चीवर कायले लिहिलं? खूण जिथं खोट तिथं करा लागते, एवढंही मालूम नाही तुले?’

मी रागानं आत निघून गेले. वरणाला फोडणी दिली, ती जळली. बाहेर आले तेव्हा तुम्ही चारी पायांचे स्क्रू आवळून खुर्चीवर बसले होते. ‘चाल, पूस. फिट हाये.’

‘डॉक्टरकडे जाऊन या, मग पुसते.’

‘खुर्ची घेऊन जाऊ का डॉक्टरकडे?’

तिथेच आपला वाद थांबला. तुम्ही गेले नाही, मी पुसलं नाही. रोज संध्याकाळी तुम्ही त्या चार अक्षरांना पाठ लावून बसायचे आणि मी समोर पायरीवर बसून लसूण सोलायची. येणारे-जाणारे विचारायचे. तुम्ही म्हणायचे, ‘आमच्या घरी नवीन टीएक्सार आली हाये. चष्मा लागते तिले.’ लोक हसायचे. मीही हसायची. किती मूर्ख होते हो मी! आतापर्यंत मी तरुणपणच्या त्या काढेवालीला हसत आले. पण तिनं निदान गंज डोक्यावर घेऊन यार्ड तरी गाठलं. ही म्हातारी पायरीवर बसून लसूण सोलत राहिली.

शेवटी सुनीलनं तुम्हाला उचलूनच नेलं. दवाखान्यात पलंगाशी मी तुमच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. तुम्ही डोळे उघडले आणि म्हणाले, ‘बराबर लावला.’ माझ्या कामाबद्दल तुम्ही दिलेलं हे एकच सर्टिफिकेट. ते मी कोणाला सांगितलं नाही, पहिल्यांदाच लिहून राहिले.

परवा मी पिहूला विचारलं, तुमचा तो मस्तवाला सिक अजून चालतो का? ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, ‘अब कौन बोलता है आजी, वो तो कब का पुराना हो गया.’ मग एकदम डोकं वर केलं. ‘आबा के सामने मैं बोलती थी बस. उनको चिढ़ाने के लिए.’ आणि उठून बाथरूममध्ये गेली, नळ सोडून बसली. शब्द कॅलेंडरवर आहे, बाहेर मरून गेला. मला याची मोठी गंमत वाटते. तुम्ही असते तर त्यासमोर लिहिलं असतं, ‘सेवानिवृत्त.’

आणि आता आज सकाळचं सांगते. त्यासाठीच तर बसले आहे.

पिहूनं व्हरांडा पुसायला काढला. फरशी पुसता यावी म्हणून तिनं तुमची खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली. मी आत तांदूळ निवडत होते.

‘आजी, इसके नीचे भी कुछ लिखा है.’

मी म्हटलं, सुताराचं नाव असेल.

‘नहीं, आबा की राइटिंग है.’

मी उठून गेले. चष्मा आणायला परत आत गेले. मग वाचलं. बैठकीच्या खालच्या फळीवर, तुमच्या यार्डातल्या त्या सरळ, टोकदार अक्षरात, खडूनं:

‘खुर्ची फिट. बसणारा सिक.’

स्क्रू आवळले त्या दिवशीचं. दुसऱ्या कोणत्या दिवशी खुर्ची उलटी झालीच नाही. मी आत वरण जाळत होते आणि तुम्ही बाहेर, हातात पेचकस, तपासणी करून मोकळे झाले होते.

अजी, तुम्हाला माहीत होतं!

आधी मला इतका राग आला की मी ती खुर्ची फाटकाबाहेर फेकली असती, पिहू होती म्हणून वाचली. खूण दिसेल तिथे करायची असते, हे मला कोणी शिकवलं? खूण करून दुरुस्तीला न पाठवणाऱ्या हथखोजच्या मालकासाठी कागद कोणी फाडला? आणि स्वतःची खूण तुम्ही बुडाखाली लपवली, आणि चार महिने तिच्यावर बसून राहिले! मी वर लिहिलं, तुम्ही खाली. मधे तुम्ही.

दुपारभर मी विचार करत होते, लपवायचंच होतं तर लिहिलं कशाला. नुसतं स्क्रू आवळून उठायचं होतं. मला वाटते, तुम्हालाही ते वाक्य कुठून सुरू करतात ते माहीत नव्हतं. म्हणून तुम्हीही खडूच घेतला. मी निदान पाठीवर लिहिलं. तुम्ही माझ्याहून भित्रे निघाले. हे कळून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जो माणूस धावत्या गाडीच्या चाकाशी कान लावायचा, तो माझ्याइतकाच घाबरत होता, आणि मला कळू नये म्हणून लोकांना माझ्या चष्म्याचे विनोद सांगत होता.

कोण्या दिवशी मी ती खुर्ची उलटी करीन, याची तुम्ही वाट पाहत होते का? रोज माझ्यासमोर खुर्चीतून उठताना हातांवर जोर देऊन दोन क्षण थांबायचे, ते श्वासासाठी, की मी विचारावं म्हणून? याचं उत्तर आता मिळायचं नाही. लसूण मात्र मी फार सोलला.

संध्याकाळी मी खुर्ची सरळ केली. पदराचं टोक ओलं केलं आणि माझी चार अक्षरं पुसली, उलट्या अक्षरासकट. सुनील दारात उभा राहून पाहत होता. म्हणाला, ‘फिट झाल्याबिगर पुसत नाही म्हणत होती ना?’

म्हटलं, ‘खुर्ची फिटच होती. तुझ्या बापानं तपासून लिहिलं हाये. मीच चुकीच्या जागी खूण केली.’

तेव्हा घ्या, हा वाद तुम्ही जिंकले. आता त्या खुर्चीवर मी बसते. स्क्रू पक्के आहेत, जरासुद्धा हलत नाही. मी फरशी पुसणारीला सांगून ठेवलं आहे, पिहूलाही, सुनीलला तर दोनदा: वरून काय पुसायचं ते पुसा, खालच्या फळीला फडकं लागता कामा नये. ते अक्षर माझं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं यावं आणि पुसावं.